सोंग आणि साक्ष : उपहासात्मक माहितीपटाची मर्यादा

उपहासाला लक्ष्य लागते, माहितीपटाला साक्ष. हे दोन्ही हेतू एकाच संहितेत एकवटले की लक्ष्यालाच साक्षीदार म्हणून उभे केले जाते. त्याच्या नकळत घेतलेली अशी साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न जस्टिन फोक दिग्दर्शित ‘अ‍ॅम आय रेसिस्ट?’ (२०२४) या अमेरिकी चित्रपटाने नव्याने उपस्थित केला आहे.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याची पोलिसाच्या हातून हत्या झाली. त्यानंतर अमेरिकेतील कंपन्या व विद्यापीठे यांच्याकडून वंशवादविरोधी प्रशिक्षणाला मोठी मागणी आली. हा व्यवसाय चित्रपटाचे लक्ष्य आहे. पुराणमतवादी भाष्यकार मॅट वॉल्श केसांचा टोप व ट्वीडचा कोट चढवून शिकाऊ प्रशिक्षकाचे सोंग घेतात, प्रमाणपत्र मिळवतात आणि नामवंत तज्ज्ञांना मानधन देऊन त्यांच्यासमोर बसतात.

यातील सर्वाधिक गाजलेला प्रसंग रॉबिन डिअँजेलो यांच्या मुलाखतीचा आहे. ‘व्हाइट फ्रॅजिलिटी’ (२०१८) या त्यांच्या ग्रंथात गोऱ्या व्यक्तीची अस्वस्थता आणि तिने केलेला प्रतिवाद ही वंशवादाला मिळणाऱ्या आधाराचीच रूपे मानली आहेत. वॉल्श चित्रीकरण-चमूतील एका कृष्णवर्णी सहकाऱ्याला बोलावून नुकसानभरपाई म्हणून रोख पैसे देतात. डिअँजेलो आधी संकोचतात, पण अखेर स्वतःच्या पाकिटातून ३० डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवतात. या प्रसंगातील उपहास अस्सल आहे, कारण येथे सोंगाने बाहेरून काहीही लादलेले नाही. ज्या सिद्धांतात नकार हाच दोषाचा पुरावा ठरतो, त्या सिद्धांताच्या प्रवर्तकालाही नकार देण्यासाठी भाषा उरत नाही. १७२९ मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’मध्ये हेच तंत्र वापरले होते : प्रतिपक्षाचे तर्कशास्त्र मान्य करायचे आणि ते शेवटच्या टोकापर्यंत न्यायचे.

वॉशिंग्टन स्मारकाला जॉर्ज फ्लॉइडचे नाव द्यावे, या अर्जावर वाटसरूंच्या सह्या घेण्याचा प्रसंग मात्र निराळा आहे. या वाटसरूंनी कोणताही सिद्धांत मांडलेला नाही. कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचे मन न मोडण्याची भीड तेवढी त्यांच्या सहीतून दिसते. सॅशा बॅरन कोहेन यांच्या ‘बोराट’मध्येही (२००६) अनेक ठिकाणी सौजन्याचीच अशी शिकार होते. म्हणजे सोंग जेव्हा आधीपासून असलेली विसंगती उघड करते तेव्हा ते साक्ष ठरते. जेव्हा ती विसंगती स्वतःच घडवते, तेव्हा ती नुसती फसगत उरते. या दोहोंतला भेद चित्रपट जाणूनबुजून पुसून टाकतो.

वेन बूथ यांच्या विवेचनानुसार स्थिर उपरोधात वाचक व लेखक यांच्यात मूक संगनमत असते. या चित्रपटात त्या संगनमताला राजकीय रूप आले आहे. टोपाखाली कोण आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते; त्यामुळे त्याचे हसू त्याला दोषमुक्त करते. स्विफ्टच्या शांत, हिशेबी निवेदकाची भाषा ही त्याच्या वाचकांच्या परिचयाची भाषा होती, म्हणून तेथे हसणाराही सुटत नाही. वॉल्श यांच्या प्रेक्षकाला अशी कोणतीच परीक्षा द्यावी लागत नाही.

चित्रपटातील सर्वात मोठी झेप शेवटाकडे आहे. सामान्य गोऱ्या व कृष्णवर्णी नागरिकांच्या समंजस उद्गारांना प्रशिक्षकांच्या शब्दजालाशेजारी ठेवून, वंशवाद हा मुख्यतः या व्यवसायानेच जिवंत ठेवलेला प्रश्न आहे, असे सुचवले जाते. परंतु औषध बनावट ठरले म्हणून रोग खोटा ठरत नाही. एखाद्या व्यवसायाचा पोकळपणा दाखवणे हे उपहासाचे सामर्थ्य आहे. समाजाच्या स्थितीविषयी निर्वाळा देण्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज असते, आणि निवडक दृश्यांच्या जुळणीतून तो मिळत नाही.

या मर्यादेचा पुरावा खुद्द चित्रपटातच आहे. वॉल्श यांच्या बनावट कार्यशाळेत आत्मताडनासाठी चाबूक पुढे केले जातात, तेव्हा काही सहभागी उठून निघून जातात. डिअँजेलो यांना जो नकार देता आला नाही, तो या अनाम माणसांनी दिला. कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही. त्यांच्या नकाराचा विचार केला असता, तर चित्रपटाचे लक्ष्य अधिक नेमके झाले असते आणि प्रेक्षकाला हसण्यापलीकडचे काही हाती लागले असते.