रेखाटनाशिवाय डिझाइन होतं का? एक पेपर, जरा खोलात जाऊन

डिझाइनमध्ये संशोधन करायचं ठरवलंत, तर गॅब्रिएला गोल्डश्मिट यांचा १९९१चा ‘द डायलेक्टिक्स ऑफ स्केचिंग’ हा पेपर तुमच्या वाट्याला येणारच. त्यांचं म्हणणं असं, की डोक्यात तयार असलेली कल्पना कागदावर उतरवणं म्हणजे रेखाटन नव्हे. आपलीच रेघ आपल्याला नवं काही दाखवते. समजा, खोली म्हणून काढलेला चौकोन एकदम अंगण ‘म्हणून’ दिसला. अंगण असेल तर दार कुठे, सावली कुठे, हे मग ओघानं ठरत जातं. या येरझाऱ्यांतून डिझाइन पुढे सरकतं.

पेपरची ताकद पुराव्यात आहे. वास्तुविशारद काम करताना काय बोलले नि काय काढलं, हे त्यांनी बारकाईनं तपासलं.

पण एक गोष्ट नीट बघा. अभ्यासलेली माणसं वास्तुविशारद होती, म्हणजे पेन्सिल धरून विचार करायला शिकलेली. त्यावरून ‘रेखाटन कसं काम करतं’ हे कळतं; ‘रेखाटनाशिवाय डिझाइन होत नाही’ हे सिद्ध होत नाही. तरी पेपरचा हवाला देताना ही उडी सर्रास मारली जाते.

२००६ मध्ये बिल्डा, गेरो आणि पर्सेल यांनी तीन अनुभवी वास्तुविशारदांना एकदा रेखाटनासह आणि एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून डिझाइन करायला लावलं. फारसा फरक पडला नाही. इथेही घाई नको: माणसं तीनच, आणि तीही मुरलेली. नवशिक्यानं वही फेकून द्यावी, असं यातून निघत नाही.

आता नवापूर तालुक्यातल्या विसरवाडीच्या बाजूला या. कुडाचं घर बांधताना नकाशा लागतोच असं नाही. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आत उभं राहून बघायचं. गुरांना जागा कमी वाटली, तर खुंटी सरकवायची. स्वस्त, पुसता येणारं, डोळ्यांसमोर असलेलं. मग याला रेखाटन म्हणायचं की नाही? ख्रिस्तोफर जोन्स यांनी १९७० मध्येच कारागिरी आणि ‘रेखाटून केलेलं डिझाइन’ असे दोन वेगळे मार्ग मांडले होते. पण दोरी ताणलेली जागाही माणसाला नवं काही ‘म्हणून’ दिसते का, हा प्रश्न त्या विभागणीत सुटत नाही. तो तपासण्याजोगा आहे.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. मुंबई आयआयटी घेत असलेल्या ‘सीड’ या प्रवेशपरीक्षेत चित्र काढावं लागतं. सराव जरूर करा. पण हात बसलेला नाही म्हणून ‘मला डिझाइनचा विचारच जमत नाही’, असं मानू नका. संशोधन तसं सांगत नाही.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा आधी तीन गोष्टी वहीत लिहा: कोणाला तपासलं, कशाशी तुलना केली, आणि कोण सुटलं. तिसऱ्या उत्तरात बऱ्याचदा तुमचा विषय सापडतो.