चालढकल मोजताना ‘स्वेच्छेने’ हा शब्द कुठे जातो?

परीक्षा तोंडावर आली की मोबाइल जास्त हातात येतो, हे सांगायला रिसर्च लागत नाही. पण या विषयावर सिनॉप्सिस लिहायला घेतली की पहिल्या पानावर एक वाक्य येतंच: कॉलेजमधले ८० ते ९५ टक्के विद्यार्थी चालढकल करतात. संदर्भ बहुतेक वेळा पिअर्स स्टील यांच्या ‘द नेचर ऑफ प्रोक्रॅस्टिनेशन’ (२००७) या लेखाचा.

लेख खरंच वाचण्यासारखा आहे. ते मेटा-अ‍ॅनालिसिस आहे, म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून काढलेला हिशोब. स्टील यांनी ६९१ सहसंबंध तपासले. ‘मी परफेक्शनिस्ट आहे, म्हणून माझं काम लांबतं’ या लाडक्या समजाला त्यात फारसा आधार मिळाला नाही. संबंध घट्ट निघाला तो वेगळ्याच गोष्टींशी: काम नकोसं वाटणं, फळ लांब असणं, उतावळेपणा आणि ‘मला हे जमेल’ हा विश्वास नसणं.

मात्र ८० ते ९५ टक्के हा आकडा या ६९१ सहसंबंधांतून आलेला नाही. प्रस्तावनेत तो दोन जुन्या संदर्भांवरून घेतलाय: एलिस आणि नाउस यांचं १९७७ चं पुस्तक आणि २००२ चा एक अप्रकाशित पीएचडी प्रबंध. तेव्हा आकडा उचलण्याआधी त्याचं मूळ गाव बघा.

माझा मुख्य आक्षेप मोजमापावर आहे. स्टील यांची व्याख्या नेमकी आहे: नुकसान होणार हे माहीत असूनही ठरवलेलं काम स्वेच्छेने पुढे ढकलणं. पण प्रत्यक्षात मोजमाप होतं ते बहुतेक स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांतून. ‘मी कामं शेवटच्या क्षणापर्यंत ठेवतो’ या छापाच्या वाक्यापुढे ‘सहमत’ची खूण केली की झाली चालढकल. ‘स्वेच्छेने’ हा शब्द व्याख्येतच राहून जातो.

जव्हार-मोखाड्यात ही प्रश्नावली वाटून बघा. पहिल्या सत्राची परीक्षा आणि भातकापणी साधारण एकाच सुमाराला येतात. दुसऱ्या सत्राच्या वेळी मोहाची फुलं वेचायची असतात, मोखाड्यातल्या पाड्यांवर पाण्याची टंचाई असते. हंडे भरून आलेली मुलगी रात्री पुस्तक उघडते, तेव्हा अभ्यास ‘शेवटच्या क्षणापर्यंत’ राहिलेलाच असतो. तीही ‘सहमत’वर खूण करेल आणि तासन् तास रील्स बघणाऱ्या मुलाइतकेच गुण तिला पडतील. स्केलला दोघं सारखेच.

ऑनलाइन वेळेचंही तेच. स्टील यांचा लेख आला त्याच वर्षी, जूनमध्ये, पहिला आयफोन बाजारात आला. म्हणजे आजचा मोबाइल त्या माहितीत नाहीच. आज नोट्सची पीडीएफ, परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल आणि रील्स सगळं एकाच स्क्रीनवर असतं. ऑक्टोबर २०२० मध्ये तर मुंबई विद्यापीठाची अंतिम वर्षाची परीक्षाच ऑनलाइन झाली. रेंज मिळते त्या टेकाडावर मुलगा दोन तास मोबाइल घेऊन बसला, तर तो चालढकल करतोय की पीडीएफ उतरण्याची वाट बघतोय? ‘स्क्रीन टाइम’ एवढं सांगत नाही.

अजून एक. यशाची अपेक्षा कमी असली की चालढकल वाढते, असं स्टील यांचं सूत्र सांगतं. पटतं. पण ही अपेक्षा कमी असणं म्हणजे दर वेळी आत्मविश्वासाचा अभाव नव्हे. पदवीनंतर जवळपास नोकरी नाही हे ज्याला दिसतं, त्याचा अंदाज कदाचित बरोबरच असतो. त्याला वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा देऊन काय साधणार?

याचा अर्थ जव्हारची मुलं टंगळमंगळ करत नाहीत, असा अजिबात नाही. करतात, तुमच्या-माझ्यासारखीच. म्हणूनच ती वेगळी काढून मोजायला हवी. स्केल वापरा, पण सोबत आठवडाभराची वेळेची डायरी घ्या. प्रत्येक तासापुढे एक साधा प्रश्न ठेवा: या वेळेत अभ्यास करणं तुला शक्य होतं का? ‘हो’ आलेले तास तेवढेच चालढकलीसाठी तपासायचे. उरलेल्या तासांचं उत्तर मानसशास्त्राकडे कमी आणि नळ, रस्ता, टॉवर यांच्याकडे जास्त असेल.

गाइडनी विचारलं, ‘रिसर्च गॅप काय?’ तर ‘या तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही’ एवढ्यावर थांबू नका. व्याख्येतला कोणता शब्द मोजायचा राहिलाय, ते सांगा.