नॅनो तंत्रज्ञानाच्या वर्गकृती : मोजमाप कोठे हरवते?

नॅनो तंत्रज्ञानासारखा डोळ्यांना न दिसणारा विषयही कात्री, कागद आणि रंगीत पाणी घेऊन शिकवता येतो, ही समजूत अध्यापकवर्गात रुजली आहे. परंतु यासाठी सुचवल्या जाणाऱ्या कृती तपासल्या असता, त्यांतील बहुतेक विद्यार्थ्याला चकित करतात, मोजायला मात्र लावत नाहीत, असे दिसते.

कागदाची पट्टी निम्मी-निम्मी कापण्याची कृती घ्या. २० सेंटिमीटरची पट्टी १ नॅनोमीटरपर्यंत आणण्यास सुमारे २८ काप लागतात. ८-१० कापांतच कात्री हात टेकते. उरलेले काप विद्यार्थी केवळ अध्यापकाच्या शब्दावर मान्य करतो.

अळूच्या पानाची कृती त्याहून बरी, पण ती अर्धवट सोडली जाते. 'अळवावरचे पाणी' सर्वांच्या परिचयाचे. थेंब घरंगळला की 'हे नॅनो' असे सांगून तास संपतो. तोच भाग बोटाने चोळून पुन्हा पाणी टाकल्यास मेणाची सूक्ष्म रचना मोडल्यामुळे थेंब पसरतो. ही तुलना केल्याखेरीज कार्यकारणसंबंध स्पष्ट होत नाही. सोन्याच्या लाल कलिलाचा प्रयोग आकर्षक खरा, पण त्याचे रसायन सामान्य महाविद्यालयाला महागच.

सर्वांत उपेक्षित कृती पाण्यावरील तेलाच्या तवंगाची. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमधील क्लॅपमच्या तळ्यावर चमचाभर तेल टाकले, ते सुमारे अर्धा एकर पसरले. हा वृत्तान्त १७७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चमचा ५ घन सेंटिमीटरचा धरल्यास जाडी सुमारे २.५ नॅनोमीटर येते. हा भागाकार फ्रँकलिन यांनी केला नाही; तवंगाची जाडी १८९० मध्ये लॉर्ड रॅली यांनी काढली.

एनसीईआरटीच्या २००६ च्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात ओलिइक आम्ल अल्कोहोलमध्ये ४०० पट विरळ करून हीच कृती दिली होती. पाण्यावर लायकोपोडियमची भुकटी भुरभुरायची, एक थेंब सोडायचा, अल्कोहोल उडून गेल्यावर तवंगाचा व्यास मोजायचा आणि थेंबातील आम्लाच्या घनफळाला क्षेत्रफळाने भागायचे. मिलिलिटरचे २० थेंब आणि जाडी २ नॅनोमीटर धरल्यास व्यास सुमारे २८ सेंटिमीटर येतो. म्हणजे ताटली पुरत नाही, मोठी परात हवी. तीही तेलकटपणा पूर्ण निघेपर्यंत घासलेली, नाहीतर तवंग नीट पसरत नाही आणि जाडी फुगून येते.