पाऊस शिवारात, आकडा मंडळाचा

मंडळी, देऊळगाव राजात बोलतोय, तर पावसाचंच उदाहरण घेतो. ‘महावेध’ 2017 साली सुरू झालं. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र, दर 10 मिनिटांनी नोंद, ती थेट सर्व्हरवर. काम चांगलंच आहे. पूर्वी सकाळी कुणीतरी जाऊन मापक वाचायचं, दिवसाला एकच आकडा. पण एका मंडळात गावं कितीतरी. खडकपूर्णेच्या एका काठाला धो धो आणि दुसऱ्या काठाला नुसती भुरभुर, हे तुम्हाला मी काय सांगू! केंद्रावर 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की मंडळात अतिवृष्टी धरतात. तुमच्या बांधावरच्या मापकात 80 भरले, तर ते तुमच्या वहीत राहतात.

माझा आक्षेप यंत्रावर नाही, रचनेवर आहे. अशा सेवेला बाहेरचा, आपला वेगळा डेटा प्रवाह जोडता येतो. ठिकाण, वेळ, एकक आणि नोंद करणारा कोण, एवढं त्यासोबत यायला हवं. केंद्राच्या आकड्यात तो मिसळायचा नाही, शेजारी ठेवायचा. लोक आकडे फुगवतील? फुगवतील काही जण. म्हणून तर शेजारच्या गावांशी ताडून बघायचं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं मोबाईलवर फोटोसकट केलेली पिकाची नोंद सातबाऱ्यावर चढते. पिकाच्या बाबतीत त्याच्यावर विश्वास ठेवता, मग त्या पिकावर पडलेल्या पावसाच्या बाबतीत का नाही?