टी-शर्टवरची गिटार आणि आपली गायनपार्टी

अंगावरचे कापड ही आपल्या समाजात कधीच निव्वळ आवडीची बाब नव्हती. कोणी काय नेसावे, किती खाली नेसावे, नवे घालावे की मढ्यावरून उतरलेले, हे गाव ठरवीत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात सांगणारी लुगड्याची जुनी पद्धत सोडावयास सांगितले, ते उगीच नव्हे. म्हणून कोणी टी-शर्टवर लिहू लागले तर हा विषय किरकोळ आहे असे निदान आपण तरी म्हणू नये.

माझा एक मित्र देहूरोडला छपाईचे छोटे दुकान चालवितो. जाळीच्या चौकटीवरून शाई ओढून टी-शर्ट छापावयाचे, हा त्याचा धंदा. कारखान्यांच्या सुरक्षा सप्ताहाचे, गणेश मंडळांचे, दिंड्यांचे, जयंतीचे, असे सर्वांचे टी-शर्ट तो छापतो आणि फावल्या वेळी गिटार वाजवितो. स्वतःसाठी मात्र त्याने एकच टी-शर्ट छापला आहे. पुढे पांढऱ्या ठिपक्यांची काळी गिटार. मागे तीन ओळी : बडी गाय. मेहबूब स्टुडिओ, मुंबई. फेब्रुवारी २०११.

ज्या उद्योगसमूहाचा मोटारींचा कारखाना आमच्या चाकणला आहे, त्याच समूहाने त्या वर्षी मुंबईत ब्लूज संगीताचा महोत्सव सुरू केला. माझा मित्र रात्रपाळी बुडवून गेला होता. पंचाहत्तरीला टेकलेला तो कृष्णवर्णीय गायक आवाज इतका खाली आणी की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा, आणि मग एका सुरासरशी सारी गर्दी हलवी, असे तो आजही सांगतो. टी-शर्टाचा रंग उडाला, सांगणे थांबलेले नाही. ते ठिपकेही शोभेचे नाहीत. घर सोडताना आजारी आईला बडी गायने खोटेच सांगितले होते की, मी तुझ्यासाठी ठिपक्यांची मोटार घेऊन येईन. आई गेली. पुढे ते ठिपके त्याच्या गिटारीवर आले.

हे संगीत कोणाचे? अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी कायद्याने संपली, तरी अर्धेलीच्या कर्जात अडकून पडलेल्या कापूसवेच्यांचे. बडी गाय लुइझियानातल्या अशाच अर्धेलकऱ्याचा मुलगा. मडी वॉटर्स हा मिसिसिपीतल्या मळ्यावरून १९४३ साली शिकागोस गेला, तोही मजूर म्हणूनच. गिटार घेण्याची ऐपत नसलेली पोरे झाडूची तार काढून भिंतीवर दोन खिळ्यांत ताणीत आणि ती छेडीत. आपल्या तुणतुण्याला तरी काय असते? एक तार आणि एक काडी. ज्याला सात तारा परवडत नाहीत तो एका तारेवर आपले दुःख वाजवितो. हे मिसिसिपीत खरे आहे आणि मावळातही.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती निग्रोंच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. आपण त्यांच्या कविता वाचल्या, त्यांची आत्मकथने वाचली. परंतु त्यांचे गाणे आपल्यापर्यंत चळवळीच्या वाटेने फारसे आले नाही. ते आले तिकिटांच्या महोत्सवातून आणि टी-शर्टांवरून. या वाटेने येताना काय गळून पडले, हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

गळून पडला तो कापूस. टी-शर्टावर गिटार असते, चेहरा असतो, शेत नसते. ज्या सुती कापडावर ती गिटार छापलेली आहे त्याच कापसाच्या ओळींतून हे गाणे निघाले, याची खूण कापडावर कोठेच नसते. गाण्यातले दुःख घ्यावयाचे आणि ते देणारी व्यवस्था विसरावयाची, ही बाजाराची जुनी खोड आहे. आपल्या लावणीचे आणि तिच्या कलावंत स्त्रियांचे याहून वेगळे काय झाले?

एवढे म्हणून थांबलो असतो तर हा लेख सोपा झाला असता. पण माझ्या मित्राच्या पाठीवरच्या तीन ओळी मला सतावीत राहिल्या. कोणाला ऐकले, कोठे ऐकले, केव्हा ऐकले. हा बाजार नव्हे. ही श्रोत्याची साक्ष आहे. मग मी स्वतःला विचारले, अशी साक्ष आपण कोणासाठी दिली?

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षी तेथे लोक जमतात. निळ्या टी-शर्टांचे ढीग लागतात. त्यांवर बाबासाहेब असतात, अशोकचक्र असते, ‘जय भीम’ असते. असावेतच. पण बाबासाहेब ज्यांच्या कंठातून आपल्या आयांपर्यंत पोहोचले ते कोठे आहेत? सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गीते लिहून गावोगाव गायले. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि गेले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसी गोळीबारात दहा माणसे मेली आणि काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले, तेव्हा त्यांच्या डोक्याला निळी पट्टी होती. ती पट्टी आज आपल्याला ठाऊक आहे ती आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटामुळे. एका ऐकणाऱ्याने साक्ष दिली म्हणून.

ही तर मोठी नावे झाली. माझ्या मित्राचे वडील दिवसा हमाली करीत आणि रात्री गायनपार्टीत ढोलकी वाजवीत. माझ्या लहानपणी १४ एप्रिलच्या रात्री त्यांची थाप ऐकत मी आईच्या मांडीवर झोपलो आहे. मी पदवीधर झालो, प्राध्यापक झालो, इंग्रजी पुस्तकांतून ब्लूजविषयी वाचले, आणि त्या पार्टीतल्या पेटीवाल्याचे नाव मला आज सांगता येत नाही. हा दोष बाजाराचा नव्हे, माझा आहे.

मी मित्राला म्हटले, “काकांचा टी-शर्ट का नाही छापलास?” तो म्हणाला, “सर, बापाचा ढोलकी घेतलेला एक फोटो नाही.”

त्याच्या उत्तराने मी गप्प झालो, पण ते उत्तर पुरेसे नाही. रॉबर्ट जॉन्सन १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी मेला. मागे राहिली २९ गाणी आणि मोजकी दोन-तीन छायाचित्रे. नेमके कोठे पुरले याविषयी आजही वाद आहे. ऐकणाऱ्यांनी शोध घेतला म्हणून तो उरला. बेसी स्मिथ १९३७ साली गेली. तिच्या थडग्यावर दगड बसला १९७० साली. त्याचा खर्च केला गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या ज्वानिटा ग्रीनने. श्रोत्याचे ऋण असे फेडावयाचे असते.

आणि दूर कशाला जावे? देहूचे तुकोबा इंद्रायणीकाठी गायले. वह्या पाण्यात गेल्या, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण ते अभंग ऐकून, लक्षात ठेवून कागदावर उतरविणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, असे परंपरा सांगते, आणि परंपरेने त्या तेल्याचे नाव जपले आहे. ज्या भूमीत लिहून घेणाऱ्याचेही नाव राहते, त्या भूमीत गाणाऱ्याचे नाव आपण हरवू द्यावे काय?

कोणी म्हणेल, ही व्यक्तिपूजा होईल. बाबासाहेबांनीच तिच्याविरुद्ध आपल्याला बजावलेले आहे. मान्य. पण पूजा आणि नोंद यांत फरक आहे. पूजेला तारीख लागत नाही, नोंदीला लागते. नोंद म्हणते : हा माणूस अमुक वस्तीत राहत होता, अमुक काम करीत होता आणि अमुक रात्री अमुक चौकात गायला.

माझा मित्र आता कामाला लागला आहे. पुढे नुसती ढोलकी काढावयाची असे त्याने ठरविले आहे, चेहऱ्यावाचून चालेल. मागच्या तीन ओळी मात्र अडल्या आहेत. पार्टीतले उरलेले दोघे म्हातारे एका तारखेवर एकमत होत नाहीत आणि त्याची आई तिसरीच सांगते. त्या तिघांचे म्हणणे आम्ही वहीत उतरवून घेत आहोत. पेटीवाल्याचे नाव आम्हाला अजून हवे आहे. वाचकांनी आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसावे. टी-शर्ट नंतर छापता येईल.