पांढरी पार्श्वभूमी : रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांची व्यक्तिचित्रे

‘व्यक्तिचित्र’ ही संज्ञा मराठीत चित्रकला आणि साहित्य या दोहोंत रूढ आहे. रिचर्ड अ‍ॅव्हेडन (१९२३–२००४) यांच्या छायाचित्रांचा विचार करताना ही द्व्यर्थता उपयोगी पडते. पॅरिसच्या सर्कशीतील हत्तींमध्ये दिओरचा पोशाख ल्यालेली डोव्हिमा (१९५५) ही फॅशनसाठी रचलेली प्रतिमा. तिच्यातील नाट्य उघड आहे. याउलट ‘इन द अमेरिकन वेस्ट’ (१९८५) मधील खाणकामगार व भटके कोऱ्या पांढऱ्या पडद्यापुढे उभे आहेत. परिसर काढून घेतल्याने त्यांचे दारिद्र्य केवळ प्रेक्षणीय ठरते, हा आक्षेप सहजी खोडता येत नाही. मात्र १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडलेल्या, कर्करोगग्रस्त पित्याच्या चित्रांतही तोच निर्दय पांढरेपणा आहे, हे आक्षेपक बहुधा विसरतात. तौलनिक अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटावे ते ‘नथिंग पर्सनल’ (१९६४). शाळासोबती जेम्स बाल्डविन यांचा निबंध तेथे छायाचित्रांचे स्पष्टीकरण देत नाही. अमेरिकेतील एकाकीपणा व वंशभेद यांविषयी तो स्वतंत्रपणे बोलतो. चित्र आणि शब्द परस्परांना बांधील नसूनही एकाच ग्रंथात नांदतात.