कार्ड खिशात, यंत्र चावडीवर

२५ एप्रिल २००१ रोजी बंगळुरूत सिम्प्युटर लोकांसमोर आला आणि चर्चा झाली ती किमतीची. नऊ हजार रुपयांत संगणक! त्या आकड्याने यंत्राचं भलं कमी आणि नुकसानच जास्त केलं. पुढे किंमत वाढली, विक्री रखडली आणि ‘गरिबांचा संगणक फसला’ एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण झाली. पण त्याची रचना भाग-भाग करून पाहिली, की वेगळंच काही हाती लागतं. काटकसर कुठे करायची, हात कुठे सैल सोडायचा आणि विश्वास कोणावर किती टाकायचा, या तिन्ही प्रश्नांची इतकी नेटकी गुंफण मला दुसऱ्या भारतीय यंत्रात दिसलेली नाही.

हे काम सात जणांचं. भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय, शिवाय एन्कोर सॉफ्टवेअर या बंगळुरूच्याच कंपनीतले विनय देशपांडे आणि त्यांचे दोन सहकारी. १९९९ मध्ये त्यांनी सिम्प्युटर ट्रस्ट स्थापन केला. सोपा, स्वस्त, अनेक भाषा बोलणारा आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही वापरता येईल असा संगणक करायचा, ही पैज होती.

आधी हार्डवेअर पाहू. आत इंटेलचा स्ट्राँगआर्म प्रोसेसर, वेग २०६ मेगाहर्ट्झ. त्याच सुमारास टेबलावरच्या पीसीत पेंटियम ४ दीड गिगाहर्ट्झने धावत होता, पण त्याला पन्नास वॅटच्या वर वीज लागे. स्ट्राँगआर्म अर्ध्या वॅटच्या आत भागवी. जिथे लाइटीचा भरवसा नाही तिथे न्यायचं यंत्र, म्हणून वेगावर पाणी सोडलं. हार्ड डिस्कही नाही. लिनक्स आणि सगळे प्रोग्रॅम फ्लॅश मेमरीत बसवलेले. या प्रोसेसरला दशांश चिन्हाची गणितं करणारा वेगळा विभाग नव्हता. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पूर्णांकांतच काम उरकायला शिकायचं, नाहीतर मंदपणा सोसायचा. हार्डवेअरमधली बचत अशी सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यावर येते, आणि इथे ती जाणूनबुजून टाकलेली आहे.

गंमत म्हणजे हाच प्रोसेसर, याच वेगाचा, कॉम्पॅकच्या आयपॅकमध्येही होता. तो साहेबांच्या खिशातला, एका मालकाचा आणि ऑफिसातल्या पीसीला जोडून घ्यायचा संगणक. काळीज तेच असूनही सिम्प्युटरचा स्वभाव निराळा झाला, तो त्यावर चढवलेल्या दोन गोष्टींमुळे: आवाज आणि कार्ड.

आवाजाचं सॉफ्टवेअर ‘ध्वनी’. लिहिलेला मजकूर ते सुरुवातीला हिंदी आणि कन्नडमध्ये वाचून दाखवी. इंग्रजीत शब्दागणिक उच्चार बदलतो, म्हणून मोठा कोश लागतो. आपल्या लिप्या बहुतांशी उच्चारानुसार चालतात. त्यामुळे ध्वनींचे लहान तुकडे साठवून ते जोडत गेलं, की थोड्या मेमरीत भाषा बोलू लागते. अडचण फक्त शेवटच्या ‘अ’ची. कन्नड तो उच्चारते. हिंदी-मराठी खाऊन टाकतात. ‘घर’ म्हणताना ‘र’मधला ‘अ’ म्हणायचा नाही, पण ‘घ’मधला म्हणायचा, हे यंत्राला नियमाने शिकवावं लागतं. आवाज यंत्राचाच वाटे, त्यात गोडवा नव्हता. पण बाजारभाव किंवा औषधाची सूचना ऐकणाऱ्याला गोडव्याशी देणंघेणं नसतं. हा प्रकल्प मुक्त राहिला, संतोष तोट्टिंगल यांनी तो पुढे नेला आणि मराठीसकट आणखी भारतीय भाषा त्यात आल्या.

आता कार्ड. सिम्प्युटरचं सौंदर्य माझ्या मते इथे आहे. नऊ हजारही एका शेतमजुराला परवडणार नाहीत, हे कर्त्यांना ठाऊक होतं. म्हणून यंत्र गावात एकच ठेवायचं: शाळेत, दुकानात किंवा चावडीवर. आणि प्रत्येकाकडे स्वतःचं स्मार्टकार्ड. पोस्टाचा काउंटर सगळ्यांचा असतो, पासबुक मात्र ज्याचं त्याच्या घरी, तसा हा बेत. यंत्रातला ब्राउझर आयएमएल नावाच्या, याच कामासाठी घडवलेल्या भाषेत पानं दाखवी आणि त्याला कार्ड वाचता-लिहिता येई. कार्ड सरकवलं, की यंत्र तुमचं. काढून घेतलं, की ते पुढच्या माणसाचं आणि तुमची माहिती तुमच्या खिशात. स्वस्ताईसाठी यंत्र सामायिक केलं आणि सामायिक केल्याने खासगीपणावर गदा येते म्हणून माहिती यंत्राबाहेर काढली. एका तडजोडीतून उभा राहिलेला प्रश्न दुसरीने सोडवायचा, याला मी उत्तम रचना म्हणतो.

उणीवही इथेच आहे. कार्ड खिशात असेपर्यंत माहिती सुखरूप. पण ते यंत्रात घातल्यावर पडद्यावर येणारं सगळं यंत्राला दिसतं. ज्याच्या ताब्यात यंत्र, त्याने आतलं सॉफ्टवेअर बदललं तर? कार्ड बिचारं काय करणार? चोरापासून ही रचना वाचवते, राखणदारापासून नाही. गावात राखणदार कोण असतो, हे सांगायला नकोच.

परवान्याकडे पाहिलं तर कर्त्यांचा कल आणखी स्पष्ट होतो. हार्डवेअरचे आराखडेच त्यांनी एका सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. यंत्र बनवून विकणाऱ्या कंपनीने ट्रस्टला एकदाच शुल्क द्यायचं; ते विकसनशील देशांतल्या कंपनीला कमी, श्रीमंत देशांतल्या कंपनीला जास्त. केलेल्या सुधारणा तिने ठरावीक मुदत स्वतःपुरत्या ठेवाव्यात, मग सर्वांना द्याव्यात. याउलट टोकाचा विचार बंगळुरूतच सापडतो. भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे बीईएल, मतदान यंत्रं बनवते. त्यांची सुरक्षा बंदिस्तपणावर उभी: नेटवर्कशी संबंध नाही, आतला प्रोग्रॅम नागरिकाला दिसत नाही. आणि २००४ मध्ये पिकोपेटा कंपनीबरोबर ‘अमिडा’ सिम्प्युटर बाजारात आणला तोही याच बीईएलने! खुलेपणातून विश्वास आणि बंदिस्तपणातून विश्वास, दोन्ही एकाच कंपनीच्या छत्राखाली घडत होते.

अमिडा देखणा होता. हाताने हिसका दिला, की पान उलटे. आत हालचाल ओळखणारा सेन्सर होता, आणि आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. बोटाने नाही तर काडीने, हव्या त्या लिपीत खरडून ते मेलने पाठवता येई. पण सर्वांत स्वस्त मॉडेलच दहा हजारांच्या आसपास, रंगीत पडद्याचं त्याहून बरंच महाग. तोवर २००३ मध्ये इनकमिंग कॉल फुकट झाले होते आणि नोकियाचा टॉर्चवाला ११०० हातोहाती पोचत होता. लोकांना आधी बोलायचं होतं, आणि तेही स्वतःच्या फोनवरून. सिम्प्युटर कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामाला लागला, छत्तीसगडच्या शाळांत गेला. पण अपेक्षा पन्नास हजार यंत्रांची असताना विक्री काही हजारांवरच थांबली.

माणसाची माहिती कुठे ठेवायची, हा प्रश्न त्यानंतरही तोच राहिला, उत्तर मात्र उलटं आलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिला आधार क्रमांक दिला गेला. यात चिपचं कार्ड मुद्दामच नव्हतं. चिपला खर्च येतो, कार्ड हरवतं. त्यापेक्षा बोटांचे ठसे मध्यवर्ती भांडारात ठेवावेत आणि दरवेळी तिथे विचारून खात्री करावी, असा हिशेब होता. तो कोट्यवधींच्या देशात चालला, हे मान्य करायला हवं. पण त्याचीही किंमत आहे. नेटवर्क गेलं किंवा राबून ठसे झिजले, तर रेशनच्या दुकानात माणूस स्वतःला सिद्ध करू शकत नाही. शिवाय हरवलेलं कार्ड बदलून मिळतं, बोट बदलून मिळत नाही.

बाजाराने सिम्प्युटरला नापास केलं आणि बाजाराच्या कसोटीवर ते योग्यच होतं. रचना म्हणून मात्र तो पहिल्या वर्गात बसतो, कारण त्याच्या प्रत्येक बचतीमागे कोणाचा तरी विचार केलेला दिसतो आणि माहिती कोणाच्या ताब्यात असावी याचं उत्तर तो ठामपणे देतो: तुमच्या. पुढचा फोन घेताना कॅमेरा आणि मेमरीचे आकडे जरूर तपासा. पण दुकानदाराला हेही विचारा, की फोन दुरुस्तीला टाकला, विकला किंवा हरवला तर त्यातलं माझं काय काय दुसऱ्याच्या हाती जाईल.